फोर्कलिफ्टचा ‘ताबा सुटला’, पण कशामुळे?

महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत फोर्कलिफ्टखाली कामगार सापडला, की बातमीत बहुधा एकच कारण छापून येते: चालकाचा ताबा सुटला. तो सुटलेला असतोही. पण तो सुटावा अशी व्यवस्था आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते, आणि त्यावर एक ओळही येत नाही.

आपल्या फाउंड्रींचे (लोखंड ओतण्याच्या कारखान्यांचे) मोठे दुखणे म्हणजे न मोजलेले वजन. दीड टनाची फोर्कलिफ्ट कसलेही दीड टन उचलत नाही. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या L आकाराच्या दात्यांच्या) उभ्या पाठीपासून 500 मिमीवर असेल, तरच ते दीड टन. आता 1.2 मीटर खोल, 1 मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच बिन, म्हणजे कास्टिंग भरण्याची पेटी, घ्या. गुरुत्वमध्य 600 मिमीवर सरकला. पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर सुमारे 400 मिमी धरले, तर त्याच गाडीची क्षमता 1350 किलोच्या आसपास उरते. बिनमधली जागा 0.6 घनमीटर. कास्टिंगमधल्या फटी वगळून एक तृतीयांश जागेत जरी लोखंड असले, तरी ग्रे आयर्नचे (साध्या ओतीव लोखंडाचे) 1440 किलो भरतात. यात बिनचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. आणि पाहणाऱ्याला वाटते, बिन पुरती भरलेलीसुद्धा नाही!

मग मागची चाके उचलली जातात आणि सुपरवायझर दोन हेल्परना काउंटरवेटवर, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या जड भागावर, उभे करतो. हा प्रकार ताबडतोब बंद व्हायला हवा. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर. ती हलकी झाली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, आणि ब्रेक लागताच मागे उभा असलेला माणूस खाली येतो. प्रत्येक बिनवर भरण्याची रेषा आणि भरलेले वजन रंगवणे, फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागाच्या) दाराशी एक प्लॅटफॉर्म काटा ठेवणे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल. फोर्कवर लांब स्लीव्ह (फोर्क लांबवणारे आवरण) चढवली किंवा ड्रम पकडण्याची अटॅचमेंट लावली, तर मूळ कपॅसिटी प्लेटवरचा (गाडी किती वजन उचलू शकते ते सांगणाऱ्या पट्टीवरचा) आकडा लागू राहत नाही. उत्पादकाकडून नवी प्लेट घ्यावी लागते.

गाडी आडवी उलटण्याचे गणित वेगळे आहे. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य या तीन बिंदूंच्या त्रिकोणावर गाडीचा तोल असतो. माल नसला की भार त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. म्हणून वेगात वळणारी रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर कलंडते, आणि फोर्क वर असतील तर आणखी लवकर. अशा वेळी चालक बाहेर उडी मारतो आणि डोक्यावरच्या गार्डखाली सापडतो. उडी मारायची नाही. स्टिअरिंग घट्ट धरायचे, पाय रोवायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचे. बेल्ट बांधलेला असेल तरच हे जमते. बझर वाजू नये म्हणून बेल्ट पाठीमागून अडकवण्याची युक्ती कित्येक कारखान्यांत सर्रास दिसते.

माल नेताना फोर्क जमिनीपासून 15 ते 20 सेंमीवर आणि मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा खांब) थोडा मागे कललेला हवा. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे भरलेली गाडी खाली आणायची ती रिव्हर्समध्येच. पावसाळ्यात ओल्या रॅम्पवर मोल्डिंगची वाळू सांडलेली असते, तिथे वळण घेणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

देखभालीतल्या दोन मापांसाठी फक्त व्हर्नियर आणि टेप लागते. 40 मिमी जाडीचा फोर्क टाचेपाशी (जिथे तो वाकून आडवा होतो तिथे) 36 मिमीवर आला, की तो भंगारात टाकायचा. वेल्डिंगने भर घालायची नाही. मास्टच्या साखळीचा मूळ 1000 मिमीचा तुकडा 1030 मिमी झाला, की साखळी बदलायची.

पायी चालणाऱ्यांना धोका असतो मागच्या बाजूने. गाडी वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते आणि भिंत किंवा रॅक यांच्यात माणूस चेपला जातो. ताशी 10 किमी वेगाची गाडी एका सेकंदात 2.8 मीटर जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. पिवळा पट्टा रंगवून हे थांबत नाही. पादचारी मार्गाला लोखंडी रेलिंगच हवे, आणि आंधळ्या कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा. बॅटरीवर चालणारे पॅलेट ट्रक आणि स्टॅकर (माल हलवण्याच्या व रचण्याच्या छोट्या गाड्या) आवाज करत नाहीत, त्यामुळे तिथे पायाची बोटे जास्त सांभाळावी लागतात.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या अपघाताच्या वेळी एवढेच विचारावे: मालाचे वजन किती होते, कपॅसिटी प्लेट वाचता येत होती का, चालकाला प्रशिक्षण कोणी दिले, आणि पायवाट वेगळी होती का. स्मॅक आणि गोशिमा या उद्योजक संघटनांनीही आपल्या सभासदांकडे हीच विचारणा करावी.

एक राहिलेच. जेवणाच्या सुटीत चावी गाडीलाच लटकत असते आणि कंत्राटी हेल्पर ‘जरा बाजूला घेतो’ म्हणून बसतो. फोर्क जमिनीला टेकवून, हँडब्रेक ओढून, चावी चालकाच्या खिशात किंवा सुपरवायझरच्या कुलूपबंद पेटीत गेली पाहिजे.

आपले,
फोर्कलिफ्ट दुरुस्ती व प्रशिक्षणाच्या कामातील काही तंत्रज्ञ,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर