तोंडी इतिहासाला एका ओळीत उडवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिका खंडात माणूस प्रथम कधी आला, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला आणि अजून राग शांत झालेला नाही. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समधल्या २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांवर आणि क्लोव्हिस या प्राचीन शिकारी संस्कृतीच्या भाल्यांच्या दगडी टोकांवर रकानेच्या रकाने खर्च केलेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या इतिहासाला मात्र शेवटी एकच ओळ, तीही ‘दंतकथा’ म्हणून!

१९९६ साली आम्ही वॉशिंग्टन राज्यात, केनेविकजवळ राहत होतो. तिथे कोलंबिया नदीच्या काठी सापडलेला सांगाडा सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. युमाटिला आणि आसपासच्या जमातींनी लगेच सांगितलं, हा आमचा पूर्वज आहे, आम्ही आरंभापासून इथलेच, त्याला आमच्या रीतीने पुरू द्या. पण कवटी ‘युरोपीय वळणाची’ असल्याची बातमी पसरली होती. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, ‘पाहा, त्यांच्या आधी इथे आमचेच लोक होते.’ त्या जमातींचं म्हणणं ऐकलंत का, असं मी विचारलं. ‘असल्या गोष्टी कोर्टात टिकत नाहीत,’ हे त्यांचं उत्तर. दुर्दैवाने ते बरोबर ठरले. शास्त्रज्ञांनी दावा लावलेलाच होता. २००४ साली अपील कोर्टाने तोंडी परंपरेचा पुरावा पुरेसा मानला नाही आणि अस्थी अभ्यासासाठी खुल्या झाल्या.

२०१५ मध्ये डीएनएचा निकाल आला. सांगाड्याचं नातं आजच्या मूळ अमेरिकनांशीच सर्वांत जवळचं निघालं. त्या तुलनेसाठी कॉलव्हिल जमातीच्या लोकांनी स्वतःचे नमुने दिले होते, हेही सांगायला हवं. दफन झालं फेब्रुवारी २०१७ मध्ये. जे १९९६ सालीच खरं सांगत होते, त्यांना वीस वर्षं ताटकळत ठेवलं. एवढं मोठं प्रकरण आपल्या लेखकांना उल्लेखापुरतंही आठवू नये?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रिकेट बेटाबद्दलही तेच. हिमयुगात आमच्या किनाऱ्याची एक पट्टी कधीच गोठली नाही आणि आमचे पूर्वज तिथे आसऱ्याला गेले, हे तिथले मूळ रहिवासी हेल्टसुक लोक आधीपासून सांगत आले आहेत. तिथल्या उत्खननात सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा मिळाला, ही बातमी २०१७ची. आपल्या लेखात श्रेय फक्त विद्यापीठाच्या चमूला.

प्रत्येक कथेतून सनावळी काढा, असं मी म्हणत नाही. पण ज्यांचा इतिहास, त्यांचं म्हणणं लेखाच्या सुरुवातीला यायला हवं.

आणि लेखासोबत हेल्टसुकांचं म्हणून छापलेलं ते छायाचित्र! हेल्टसुक ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे, देवदाराच्या सालीच्या टोप्या विणणारे लोक. आपण छापलात तो गरुडाच्या पिसांचा मोठा शिरपेच शेकडो मैल दूरच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचा आहे. येत्या रविवारी त्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
सातारा