पूर ओसरल्यावरच्या धुळीबद्दल मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला रहिवासी. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या अवतीभवतीच्या गावांत जुलै उजाडला की फोनवर एकच आकडा फिरत असतो, कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती जखम अजून ओली आहे. आता एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच येऊन थांबतात, जनावरांसकट गावं वेळेत हलतात. याबद्दल प्रशासनाचे आभार मानायलाच हवेत.

पण साहेब, पाणी ३९ च्या खाली आलं की सगळी यंत्रणा पंचनाम्याकडे वळते, आणि लोक घरी परततात ते नेमके दुसऱ्या संकटात.

पूर जाताना गाळ ठेवून जातो. उंबऱ्यापासून माजघरापर्यंत घोटाभर. त्यात गटाराचं पाणी असतं, मेलेली जनावरं कुजलेली असतात, शेतातली औषधं उतरलेली असतात. चार दिवस कडक ऊन पडलं की रस्त्यावरचा गाळ पापडासारखा तडकतो, आणि पहिला ट्रॅक्टर गेला की त्याचं पीठ होऊन उडतं. बायका पदर नाकाला लावून कोरड्या खराट्याने तो झाडत असतात. त्याच सुमाराला चौकाचौकात भिजलेल्या गाद्या, फोमच्या उशा, प्लॅस्टिक, वायरी यांचे ढीग पेटतात, कारण ते न्यायला गाडीच आलेली नसते. दम्याच्या म्हाताऱ्या माणसाने अशा वेळी जायचं कुठे? दार लावावं तर आत ओल्या भिंतींना बुरशी. वीज नाही म्हणून कोणी जनरेटर ओसरीतच लावतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, बंद घरात झोपेतच जीव जाऊ शकतो. हे गावात कोणी सांगत नाही.

केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आणि सांगली ही शहरं आहेत. मधली पूरग्रस्त गावं त्यात बसत नाहीत. हवेतल्या पीएम १० धुळीची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, पण गाळ उडतो त्या आठवड्यात आमच्या गल्लीत ती मोजणार कोण?

म्हणून मागणं एवढंच, की जिल्ह्याच्या पूर आराखड्यात पाणी उतरल्यानंतरचे पंधरा दिवस धरा. गाळ ओला आहे तोवरच उचलला गेला पाहिजे, आणि त्यासाठी जेसीबी व टँकरचे करार जूनमध्येच झाले पाहिजेत. उशीर झालाच तर आधी पाणी मारून मगच झाडायचं. भिजलेलं सामान जाळू नका अशी नुसती दवंडी देऊन चालणार नाही, ते न्यायला गाडी आणि टाकायला जागा द्या. पूर ओसरला की प्रदूषण नियंत्रण मंडळाचं फिरतं मापन वाहन कुरुंदवाड, शिरोळ भागात उभं करा. मदतीच्या पिशवीत तांदूळ-डाळीबरोबर चांगले एन-९५ मास्क, हातमोजे घाला; कापडी मास्कने ही बारीक धूळ अडत नाही. निवारा केंद्रात नावं लिहून घेतानाच दमा कोणाला, घरात तान्हं मूल कोणाच्या, हे विचारा. अशा माणसांना घर साफ होईपर्यंत केंद्रातच राहू द्या. शाळा भरवायची म्हणून वर्ग रिकामे करून त्यांना त्या धुळीत पाठवू नका.

उन्हाळ्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. येत्या बैठकीत आपत्ती व्यवस्थापनाबरोबर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा माणूस समोर बसवा, आणि पाणी उतरल्यावर कोणत्या दिवशी कोण काय करणार, हे गाववार लिहून घ्या. तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या, म्हणजे जाब कोणाला विचारायचा ते आम्हाला कळेल.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक पूरग्रस्त