सांध्याचं दुखणं

पुणे,
रविवार दुपार

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोललो असतो तरी चाललं असतं, पण तू तुझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या सांध्याचं, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात त्या जागेचं, चित्र काढून खुणा करून पाठवलंस, म्हणून मीही लिहायलाच बसलो. 'गाडी सांध्यावर आली की मरते, बोटाने ढकलली की पळते.' अरे, हेच वाक्य मी गेल्या पावसाळाभर इतक्यांदा म्हटलं की हिने मला 'सांधेवाला' म्हणायला सुरुवात केली.

आधी बघ, दोन रूळ जिथे टोकाशी मिळतात ते क्रॉसिंग प्लास्टिकचं आहे की धातूचं. प्लास्टिकचं असेल तर तेवढ्या तुकड्यात वीज नसतेच. लांब इंजिनाला फरक पडत नाही, त्याची बाकीची चाकं वीज घेत राहतात. तुझं ते दोन आसांचं ठेंगणं शंटिंग इंजिन मात्र तिथेच फतकल मारणार. त्याला औषध नाही. सांधा बदल, नाहीतर इंजिन.

धातूचं असेल तर माझी फजिती ऐक. माझा सांधा धातूचाच होता, तरी इंजिन अडायचं. मल्टिमीटर लावला, क्रॉसिंगवर बरोबर १२ व्होल्ट! रूळ घासले, चाकं पुसली, इंजिन उघडून ब्रशसुद्धा बदलले. तीन रविवार गेले. शेवटी स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा काढला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि क्रॉसिंगवर टेकवला. दिवा निखाऱ्यासारखा लालसर, जेमतेम. बाजूच्या सरळ रुळावर तोच लख्ख. मग डोक्यात प्रकाश पडला. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वाटेत कितीही अडथळा असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. दिवा मात्र इंजिनासारखा वीज मागतो, आणि मागितल्यावरच ती मिळत नाही हे कळतं. तेव्हा तुझा तो महागडा मीटर कपाटात ठेव आणि आधी दिवा शोध.

अडथळा कुठे होता? क्रॉसिंगला वीज मिळते ती सांध्याच्या हलत्या निमुळत्या रुळातून, तो बाजूच्या मुख्य रुळाला चिकटला की. फक्त टेकण्यावर सगळा कारभार. आणि मी खडी चिकटवताना पातळ केलेलं फेव्हिकॉल नेमकं तिथे ओघळू दिलं होतं. वर रुळांना गंजाचा रंगही दिला होता, हौसेने! आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आइस्क्रीमच्या काडीने घासलं, गाडी धावली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

म्हणून आता टेकण्यावर भरवसाच ठेवला नाही. सांधा सरकवणाऱ्या दांडीला खालून एक मायक्रोस्विच, म्हणजे दांडीच्या धक्क्याने बदलणारा छोटा खटका, बसवला. त्याच्या मधल्या टोकाची वायर क्रॉसिंगला, बाजूच्या दोन टोकांना दोन मुख्य रुळांच्या वायरी. सांधा फिरला की क्रॉसिंगची वीजही फिरते. दोन बाजूच्या वायरी उलट लागल्या तर सांधा फिरवताच शॉर्ट होतो. घाबरू नकोस, अदलाबदल कर. पण क्रॉसिंगच्या पुढे जाणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड आधी घाल. मी ते विसरलो होतो. पलीकडच्या रुळाला दुसरीकडून वीज येत होती, सांधा फिरताच दोन उलट ध्रुव भिडले आणि ट्रान्सफॉर्मर गप्प झाला.

तुझ्या दुसऱ्या सांध्याच्या मोटरचा जळका वास येतो म्हणतोस, तर बटण अडकतंय का ते बघ. त्या मोटरमधल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, क्षणभराचाच झटका हवा असतो. वीज चालू राहिली की ती भाजते. मी ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातलेलं सर्किट बसवलंय, साठलेली वीज एकदम सुटते आणि बटण दाबून धरलं तरी कॉइल वाचते.

१९९८ साली कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय सुरू झालं, तेव्हा आपण दोघं काचेला नाक लावून उभे होतो, आठवतंय? तेव्हा गाड्याच बघितल्या, सांध्यांकडे कोण बघणार! दिवाळीत आलास की पुन्हा जाऊ. या खेपेला मी खाली वाकून वायरी बघणार आहे, तू लोकांना आवर.

दिवा लावून काय दिसलं ते आधी कळव, मगच वायरी तोड.

तुझा,
नंदू