वावर विकलं, झाड नाही विकलं म्हणे!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. तुमचा पेपर रोज वाचतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. स्थावर आणि जंगम हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, वाटणीच्या वेळी, लग्नाच्या बोलणीत, बँकेत कर्जाच्या फॉर्मवर, सगळीकडे. पण त्यातलं नेमकं काय कशात मोडतं हे आमच्या गावात शंभरातल्या पाच जणांना पण माहीत नसेल, मलाही नव्हतं, आणि त्यापायी मी यंदा जे भोगलं ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

दसऱ्याच्या सुमारास मी शेजारचं दोन एकर वावर विकत घेतलं. विसार दिला, मग खरेदीखत झालं, गट नंबर, चतुःसीमा, स्टॅम्प, रजिस्ट्री सगळं रीतसर. वावरात विहीर, विहिरीत पाण्यातली मोटर, आणि विहिरीजवळ एक जुनं आंब्याचं झाड. व्यवहार ठरला तेव्हा तोंडी बोलणं झालं होतं की दादा आता हे सगळं तुमचंच. खरेदीखतात मात्र झाडाचा नाही की मोटरचा नाही, एका शब्दाचा उल्लेख नव्हता. मी लगेच कांदेबाग, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास लावतात ती केळी, लावली आणि कामाला लागलो.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठ दिवस आधी सकाळी वावरात गेलो तर आंब्याखाली लाकूड व्यापाऱ्याची तीन माणसं दोर आणि करवत घेऊन उभी, शेजारी मूळ मालक. झाड कैऱ्यांनी वाकलेलं. मी म्हटलं हे काय चाललंय, तर तो शांतपणे म्हणतो, “वावर इकं भाऊ, झाड नई इकं.” मला काय बोलावं तेच सुचेना. आंबा तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा आहे, महू आहे, साग आहे, हे तेवढं ठाऊक होतं म्हणून परवानगीचा कागद मागितला, तो त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्या दिवशी झाड वाचलं. पण चार दिवसांनी मूळ मालकाने मोटर काढून नेली. पाइप विहिरीच्या काठावर आडवे पडलेले, केबल कापलेली, शेडच्या भिंतीवर जिथे स्टार्टरची पेटी होती तिथे चार बोल्टची भोकं आणि खाली विटेचा लाल चुरा. ऐन वैशाखाच्या तोंडावर सहा महिन्यांची केळी, एक एक दिवस पाण्याविना कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणलं तरी कडेच्या दोन ओळींची पानं पिवळी पडलीच.

माझा भाचा जळगावला लॉ शिकतो. त्याला फोन केला तर तो रविवारी पुस्तकं घेऊनच आला आणि म्हणाला, मामा, आधी कोणती वस्तू स्थावर आणि कोणती जंगम ते बघू, मग भांडू. तेव्हा मला कळलं की आपण जे समजतो, जमीन-घर म्हणजे स्थावर आणि सोनं-गाडी-गुरं म्हणजे जंगम, ते मोठ्या मानाने बरोबर असलं तरी खरी मारामारी मधल्या वस्तूंची आहे. १८९७ च्या साधारण वाक्यखंड कायद्याप्रमाणे (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) जमीन, जमिनीतून मिळणारे लाभ, आणि जमिनीला जडलेल्या वस्तू किंवा अशा जडलेल्या वस्तूला कायमच्या जोडलेल्या वस्तू, हे सगळं स्थावर. म्हणजे मुळं धरलेलं झाड स्थावर, भिंत स्थावर. पण १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा लगेच म्हणतो की इमारती लाकडाचं उभं झाड, उभं पीक आणि गवत हे स्थावर नाही! आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यात तर झाडावरचं फळ आणि झाडातला रससुद्धा जंगमात घातलाय. म्हणजे माझा आंबा स्थावर आणि त्याच्यावरची कैरी जंगम. मी हे दोनदा वाचून घेतलं.

मग इमारती लाकूड कुठलं आणि नुसतं झाड कुठलं? याच्यावर सुप्रीम कोर्टाचा १९५८ चा निकाल आहे, शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य. त्या बाईला तिच्या नवऱ्याने आपल्या जमीनदारीतल्या जंगलातलं लाकूड बारा-साडेबारा वर्षं तोडून नेण्याचा हक्क लिहून दिला होता, पण कागद रजिस्टर केला नव्हता. जमीनदारी सरकारजमा झाली, बाईची तोड थांबली, आणि कोर्टात तिच्या हाती काही लागलं नाही. न्या. विव्हियन बोस यांनी त्यात फरक सांगितलाय तो शेतकऱ्याला पटण्यासारखा आहे: झाड लाकडासाठी लवकरच तोडायचं ठरलं असेल तर ते जंगम, पण ते उभं राहून वर्षानुवर्षं जमिनीतून पोसत राहणार असेल, फळ देणार असेल, तर स्थावर. झाड तेच, ते कशासाठी आहे त्यावर सगळं अवलंबून. माझा आंबा खरेदीच्या दिवशी फळासाठी उभा होता. आणि त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की खरेदीखतात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जमिनीबरोबर जमिनीला जडलेल्या सगळ्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. घर विकलं तर कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या पण घराबरोबर जातात, असं त्या कलमात चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे मूळ मालकाला झाड ठेवायचंच होतं तर खरेदीखतात तसं लिहायला पाहिजे होतं. हे कळल्यावर तो आंब्याच्या बाबतीत गप्प झाला.

मोटरचं मात्र एवढं सोपं नाही निघालं. यंत्राच्या बाबतीत कोर्ट दोन गोष्टी बघतं, ते कसं जोडलंय आणि कशासाठी जोडलंय. टुरिंग टॉकीजचं मशीन सिमेंटात बोल्ट मारून बसवलेलं होतं तरी आंध्र हायकोर्टाने १९७४ मध्ये ते जंगम धरलं, कारण मुक्काम हलला की ते उचलून न्यायचंच होतं. आपल्याकडे यात्रेत तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच पटेल. माझं म्हणणं असं की विहिरीतली मोटर त्या विहिरीसाठी, त्या वावरासाठीच बसवलेली, तर तो म्हणे दोन तासात निघते ती स्थावर कशी. दोन्हीकडे थोडं थोडं बळ होतं. शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी बसवलं, मी निम्मे पैसे दिले आणि माझ्याच विहिरीतली मोटर पुन्हा विकत घेतली. भांडण मिटलं पण दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं, ते अजून बंदच आहे, आणि पैशापेक्षा ते जास्त लागतं मनाला.

भाच्याने आणखी एक सांगितलं. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत उभं पीक आणि झाडावरचं फळ तोडेपर्यंत स्थावर धरलं होतं, इतकंच नाही तर मालकाने शेतीच्या कामाला ठेवलेली जनावरं, औतं, मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा स्थावर, कारण ती त्या जमिनीच्या सेवेला आहेत. पायाने चालणारा बैल स्थावर! ऐकायला विचित्र वाटतं पण मला त्यात शहाणपण दिसलं, बैल आणि औत काढून घेतलं तर वावर काय कामाचं. आपला कायदा बैलाला स्थावर म्हणत नाही, पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची औजारं आणि पोट भरायला लागणारी जनावरं, बियाणं हे कोर्टाच्या जप्तीतून वगळलेलं आहे. हे किती कर्जबाजारी शेतकऱ्यांना माहीत असेल?

आणि जाता जाता, हेच स्थावर-जंगम आपण बहिणींच्या बाबतीत कसं वापरतो तेही बोललं पाहिजे. तिला लग्नात सोनं दिलं, जंगम तिचं झालं, आता स्थावर आमचं, असं म्हणून हक्कसोडवर सही घेतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी आहे, लग्नात सोनं घातलं म्हणून वावरातला हिस्सा फिटत नाही. हे मी माझ्या घरी पण बोललो, काहींना आवडलं नाही.

आता विनंती. तुमच्या पेपरने आठवड्यातून एकदा या विषयावर साध्या भाषेत कॉलम चालवावा. आणि नोंदणी खात्याने शेतजमिनीच्या खरेदीखताला एक परिशिष्ट सक्तीचं करावं, ज्यात झाडं जातीसकट मोजून, विहीर-बोअरमधला हिस्सा, मोटर, स्टार्टर, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या, शेड, उभं पीक कोणाचं आणि वावरात जायचा रस्ता कुठून, हे सगळं लिहिल्याशिवाय दस्त पुढे सरकू नये. एक पान वाढेल फक्त. दस्तलेखकांना पण सांगणं आहे की जुन्या नमुन्यातलं “झाडाझुडपांसह” एवढं एक मोघम वाक्य पुरत नाही, आमच्या खतात तर तेही नव्हतं.

आमच्या दोघा भावांचं वाटणीपत्र आखाडात करायचं ठरलंय. त्यासाठी मी वहीत यादी लिहून काढली आहे, आंबे ३, निंब ५, चिंच १, विहिरीत निम्मा हिस्सा, पाण्याची पाळी एक दिवसाआड, मोटर सामाईक, ठिबक ज्याच्या त्याच्या वावरातली ज्याची त्याची. वाचकांच्या उपयोगाची वाटली तर पूर्ण यादी पाठवतो.

आपला,
एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका, जि. जळगाव