मालवणात बारमाही खोली मिळेल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी भाची गेल्या जूनमध्ये मालवणातल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली. पावसात खोली लगेच मिळाली. ऑक्टोबरात मालकीण म्हणाली, "बाय, दिवाळीच्या आधी खोली खाली कर गो, आता पर्यटक येतले." महिनाभराचं भाडं तिला पर्यटकाकडून दोन रात्रींत मिळतं. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरातली दुसरी कमाई ती काय? पण माझी भाची आता कुडाळहून एसटीने येते-जाते आणि रात्रपाळी असली की आमच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर ज्यांची किनाऱ्याला जागा होती त्यांनी खोल्या बांधल्या, मुलांना शिकवलं. याचा मला आनंदच आहे. ज्यांची जागा नव्हती, ते त्याच खोल्यांच्या चादरी धुतात, आणि मेअखेरीस समुद्रातले खेळ बंद झाले की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कामही थांबतं. रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढायला जो दोरीला हात लावी त्याला मासळीचा वाटा मिळे, म्हातारा असो की पोरगा. पर्यटनाच्या पैशाला अशी वाटणी नाही. जिथे रापणीची जाळी सुकत, तिथे आता खुर्च्या मांडलेल्या दिसतात. बाजारात बसणाऱ्या आमच्या मासेवालीच्या डोक्यावर मात्र अजून ताडपत्रीच आहे.

दशावताराचंही तेच. जत्रेत देवळासमोर रात्रभर चालणारं नाटक मी लहानपणी आजीच्या मांडीवर झोपत-उठत पाहिलं, पहाटेपर्यंत कोणी हलत नसे. आता रिसॉर्टवर पाहुण्यांच्या जेवणाआधी अर्ध्या तासाचा प्रवेश होतो. कलाकाराला चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत. पण पाहुण्यांना आमची कला दाखवणाऱ्या त्या माणसाला याच गावात भाड्याने राहणं परवडेनासं झालं, तर जत्रेत उभं कोण राहणार?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आता गर्दी वाढेल, खोल्यांचे दरही वाढतील. म्हणून नगरपरिषदेला माझी विनंती आहे, की शहरातल्या पर्यटकांसाठीच्या खोल्यांची आधी मोजणी करावी. जिथे कुटुंब स्वतः राहून दोन खोल्या देतं, त्यांना हात लावू नये. पण मालक बाहेरगावी आणि घर फक्त पर्यटकांसाठी, अशा ठिकाणी व्यापारी दराने कर आणि पाणीपट्टी घ्यावी. त्या पैशातून परिचारिका, एसटीचे वाहक, शिक्षक आणि हॉटेलातले कामगार यांच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याच्या, बारमाही खोल्या बांधाव्यात. मोजणी पुढचा हंगाम सुरू होण्याआधी झाली, तर निदान दिवाळीच्या तोंडावर खोली सोडावी लागणाऱ्यांची संख्या तरी कळेल.

— एक निवृत्त शिक्षिका, मालवण