डॉकातून निघणाऱ्या अवजड मालासाठी रस्त्यांची मापं जाहीर करा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री दीडच्या सुमाराला आमच्या कॉटन ग्रीनजवळ जहाजाचं इंजिन घेऊन निघालेला ट्रेलर अडकला आणि तीन तास जागचा हलला नाही. सकाळी उठून बघतो तर सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे फोटो आणि खाली नुसत्या शिव्या, असली धुडं शहरात आणतातच कशाला, ड्रायव्हर पिऊन असणार, चिरीमिरी देऊन परमिशन काढली असणार वगैरे वगैरे. मला ते वाचवेना म्हणून हे पत्र लिहितोय. मी ह्याच धंद्यात 27 वर्षं काढलीत, आधी हेल्पर म्हणून बांबू घेऊन लोडवर बसायचो आणि नंतर रूट सर्व्हे करायचो, म्हणजे गाडी निघायच्या आधी टेप आणि मापाचा पोल घेऊन सगळा रस्ता मोजत जायचं, त्यामुळे त्या रात्री आवाज ऐकून खाली उतरलो तेव्हा काय झालंय ते दोन मिनिटात कळलं.

झालं होतं असं. लोडची उंची जमिनीपासून 5 मीटर 30 सेंटिमीटर. हायड्रॉलिक ॲक्सलचा ट्रेलर होता, त्याचा डेक साधारण 30 सेंटिमीटर खाली बसवता येतो, म्हणजे बरोबर 5 मीटर. पुढे रस्त्यावर दिशादर्शक पाटीची लोखंडी गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरून आडवी गेलेली कमान, तिच्यावर क्लिअरन्स, म्हणजे खालून जायची मोकळी उंची, लिहिलाय साडेपाच मीटर, सर्व्हेवाल्या पोराने पाटीवर विश्वास न ठेवता पोल लावून मोजलं होतं ते भरलं 5.20, तरी वीतभर जागा उरत होती म्हणून त्याने ओके दिलं. पण तो सर्व्हे दीड महिन्यापूर्वीचा. मधल्या काळात तिथे डांबराचे दोन थर पडले, दहा सेंटिमीटर तिथे गेले, आणि वरून गॅन्ट्रीच्या अगदी खालीच एक नवा स्पीडब्रेकर, तो आणखी दहा. उरले किती? बरोबर पाच मीटर. ताडपत्री गॅन्ट्रीला घासत होती आणि वर बसलेला पोरगा हात हलवून थांब थांब ओरडत होता.

स्पीडब्रेकर फोडला की गाडी निघणार हे तिथे सगळ्यांना दिसत होतं, दोन माणसं आणि दोन पहारी, वीस मिनिटांचं काम. पण तो फोडायला हो कोण म्हणणार ह्याच्यात अडीच तास गेले. एक खातं म्हणतं आमचा रस्ता नाही दुसऱ्यांना विचारा, ते दुसरे फोन उचलत नाहीत, बंदोबस्ताच्या हवालदाराला बिचाऱ्याला अधिकारच नाही. मागे भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या लागल्या. शेवटी पहाटे साडेचारला स्पीडब्रेकर फोडला आणि अर्धी वीत मोकळी ठेवून गाडी खालून निघाली. ड्रायव्हरची एक पैची चूक नव्हती हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि आई-बहिणीवरून शिव्या त्यालाच.

लोक विचारतात सुटं करून का नेत नाहीत. जी सगळ्यात मोठी इंजिनं असतात ना, कंटेनर जहाजातली टू स्ट्रोक, ती सुटीच नेतात, ती अख्खी रस्त्यावर येऊच शकत नाहीत. 2006 साली एम्मा मर्स्क ह्या जहाजात बसवलेलं 14 सिलिंडरचं इंजिन 2,300 टनांचं आणि साडेतेरा मीटर उंच आहे, म्हणजे चार मजली चाळीएवढं. पण मधल्या साइजची, पन्नास-शंभर-दोनशे टनांची फोर स्ट्रोक इंजिनं कंपनीत टेस्ट बेडवर चालवून, सगळं जुळवून अख्खीच पाठवतात. क्रँकशाफ्टचं अलाइनमेंट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बघतात, ते इंजिन रस्त्यात खोलून परत जोडायचं म्हणजे परत सगळी जुळवाजुळव, परत टेस्टिंग. उंची कमी करायला टर्बोचार्जर आणि वरचे पाइप काढून वेगळ्या खोक्यात देतात, बस तेवढंच. आणि बेअरिंगला नुसत्या हादऱ्यांनी सुद्धा मार बसतो, म्हणून गाडी ताशी दहा-पंधराने चालते. ते बघून मागचा हॉर्न मारत बसतो, त्याला वाटतं ड्रायव्हर मुद्दाम रखडवतोय.

आणि हे शहरात आणतात कशाला म्हणाल तर हे शहरच डॉकाच्या अंगाखांद्यावर वाढलंय. प्रिन्सेस डॉक 1880 चं, व्हिक्टोरिया 1888, आत्ताचं इंदिरा डॉक 1914 चं. माझगावला युद्धनौका बांधतात, त्या चालणार कशावर? इंजिनावरच ना. तळोजा, खोपोलीकडच्या वर्कशॉपला ओव्हरहॉलिंगला जाणारी इंजिनं असतात, पॉवर प्लांटला जाणारी असतात. न्हावा शेवा 1989 ला चालू झाल्यापासून बराच माल तिकडे गेला हे खरंय, पण इकडून निघायचा तो निघतोच. काही माल बार्जने नेता येईल, अंबा नदीतून धरमतरपर्यंत बार्ज चालतातच की, तिकडचं गिऱ्हाईक असेल तर इंजिन पाण्यातून नेलेलं कधीही चांगलं. पण जेट्टीपासून कारखान्यापर्यंत शेवटी रस्ता आहेच.

नियम नाहीत असंही नाही. साध्या गाडीला रुंदी 2.6 मीटर आणि मालासकट वजन जास्तीत जास्त 55 टन, त्याच्या वर गेलं की ओडीसी, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, त्याची वेगळी परवानगी, हायवेवरच्या पुलांसाठी वेगळी, रात्रीची वेळ ठरलेली, पुढे-मागे पायलट गाडी. एका ॲक्सलला आठ टायर, म्हणजे 16 ॲक्सल लावले की 128 टायर, ते कशाला तर वजन पसरावं आणि रस्त्याला कमी त्रास व्हावा म्हणून. पुलावर गाडी एकटी घालायची, बरोबर मधोमध, ताशी पाचच्या वर नाही, ब्रेक मारायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. हे सगळं गाडीवाल्याने करायचं आणि तो करतो. कागदात इंजिनाची लांबी-रुंदी-उंची, वजन, कुठल्या ॲक्सलवर किती भार सगळं असतं. रस्त्याचं माप मात्र कुणाकडेच नाही, ज्याने त्याने आपलं मोजायचं, आणि मोजल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी काही बांधलं, अंथरलं, लटकवलं तर कळायची सोय नाही.

आता माझं म्हणणं असं की हे मुंबईला जमत नाही हे मला मान्यच नाही. आपण दरवर्षी गणपतीत हेच करतो. परळ-लालबागच्या कारखान्यांतून वीस-वीस फुटी मूर्ती निघतात, आगमनाच्या आधी मंडळाची पोरं रस्ता चालून येतात, कुठली फांदी आड येते, कुठली केबल खाली आलीय, खड्डा कुठे आहे, वॉर्ड ऑफिसला अर्ज जातात, फांद्या छाटल्या जातात, खड्डे भरतात, आणि मूर्तीच्या बाजूने बांबू घेऊन पोरं वायरी उचलत जातात, अगदी आम्ही लोडवर बसून उचलायचो तश्शाच. करी रोड, चिंचपोकळीच्या जुन्या रेल्वे पुलांवर 16 टनांच्या वर वजन नको, पुलावर नाचू नका, थांबू नका अशी सूचना दरवर्षी पेपरात येते, तुमच्याही पेपरात येते. म्हणजे कुठल्या पुलाला किती झेपतं हे कुणीतरी तपासलंय, लिहून ठेवलंय, आणि लोकांना सांगायची पद्धतसुद्धा आहे. मग हेच वर्षभर, डॉकाच्या रस्त्यासाठी का नाही? कर्नाक पूल 1868 चा, 2022 ला पाडला, नवा 2025 ला चालू झाला, आजूबाजूचे असे किती जुने पूल पाडले-बांधले गेले, प्रत्येक वेळी आमचा रूट बदलायचा आणि प्रत्येक वेळी सर्व्हेवाला पहिल्यापासून पोल घेऊन पायी.

डॉकाच्या ऑरेंज गेट, यलो गेटपासून रे रोड, शिवडी, वडाळा, तिथून आणिक डेपो आणि मग मानखुर्द, वाशी खाडी पूल, असा एक रस्ता अवजड मालासाठी कायमचा ठरवून टाका. दुसरा कुठला सोयीचा वाटला तर तो ठरवा, पण एकच ठरवा. त्याच्यावरच्या प्रत्येक गॅन्ट्रीची, पुलाची, सिग्नलच्या खांबाची खरी उंची दर सहा महिन्यांनी मोजा आणि वेबसाइटवर टाका, आणि मुख्य म्हणजे डांबराचा थर टाकला की त्याच आठवड्यात पाटीवरचा आकडा बदला, नाहीतर जुनं डांबर खरवडून मग नवं टाका म्हणजे उंची तीच राहील. त्या रस्त्याला स्पीडब्रेकर, कमान, होर्डिंग काहीही नवीन घालायचं तर आधी त्या यादीत नोंद. आणि रात्री गाडी अडकली तर हो किंवा नाही म्हणणारा एक माणूस, त्याचा एक नंबर, पालिका, पोर्ट आणि ट्रॅफिक पोलीस मिळून. ह्याला मोठा खर्च नाही. रहिवाशांना दोन दिवस आधी एक मेसेज आला की अमुक रात्री गाडी जाणार आहे, पार्किंग काढा, तर आमच्या सोसायटीतलेच लोक गाड्या हलवतील, मी स्वतः दारोदार जाऊन सांगेन.

हे इतकं मनाला लावून का लिहितोय तर वर बसलेल्या त्या पोरामुळे. वीस-एकवीस वर्षांचा असेल, पायात स्लीपर, हेल्मेट नाही, पट्टा नाही, एका हाताने लॅशिंगची, म्हणजे माल बांधायची, चेन धरलेली आणि दुसऱ्या हातात बांबू. मुंबई बेटाच्या भागात विजेच्या तारा जमिनीखालून आहेत म्हणून निदान शॉकची भीती कमी, पण चेंबूरच्या पुढे आणि हायवेला लागल्यावर कुठली तार केबलवाल्याची आणि कुठली जिवंत हे अंधारात समजत नाही. आमच्या वेळी वडाळ्याला पावसात माझा जोडीदार ओल्या ताडपत्रीवरून असाच घसरून पडला होता, एक केबल मध्येच लोंबत होती, सर्व्हेत ती नव्हती, आदल्याच दिवशी कुणीतरी टाकलेली. खुब्याचं हाड मोडलं. मालकाने दवाखान्याचं बिल दिलं आणि संपलं, परत कामावर घेतलं नाही, तो पुढे गावी गेला तो लंगडतच. रस्ता मोजलेला असता तर तो पडला नसता.

त्या पोराला मी त्याच पहाटे चहा दिला, विचारलं सेफ्टी बेल्ट का नाही लावत, तर म्हणाला काका, अडकवणार कशाला, इंजिनाला? एवढ्या किमतीच्या मशिनच्या क्रेडलला, म्हणजे ते ज्या लोखंडी चौकटीवर बसवतात तिला, माणसाचा पट्टा अडकवायला एक साधी कडी वेल्डिंग करून मिळत नसेल तर ती ट्रान्सपोर्टवाल्यांची चूक आहे आणि ती मी आमच्याच धंद्यातल्या लोकांना तोंडावर सांगतो. परमिशन देताना पोलिसांनी आणि आरटीओने ती कडी आणि तो पट्टा आहे का हे बघावं, नसेल तर गाडी गेटातून बाहेर सोडू नये.

ट्रेलर त्या दिवशी सकाळी सहाच्या आत हद्दीबाहेर पडला असं ऐकलं. गॅन्ट्रीवरची पाटी काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघितली, अजून साडेपाच मीटरच आहे, आणि फोडलेल्या स्पीडब्रेकरच्या जागी नवीन घालायला खडी येऊन पडलीय.

आपला,
एक निवृत्त रूट सर्व्हेवाला, कॉटन ग्रीन, मुंबई