आभार

आमची धाकटी सून गेली. पदरात तीन वर्षांची लेक. लेक होईपर्यंत ती शाळेत गणित शिकवायची. डब्यातल्या भाकरीचा चतकोर मोडून वर्गाला अपूर्णांक दाखवायची. मग ती भाकरी पोरंच खायची, हे वेगळं सांगायला नको.

रक्ताचा कर्करोग. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे सारखे नवे दाते लागायचे. दीड-दोन तास हाताला मशिनची नळी लावून पडून राहिलेल्या आणि नावही न सांगता निघून गेलेल्या मुलांनो, तुमच्यातले काही तिचे विद्यार्थी होते म्हणे. अपरात्री भाडं न घेणारे रिक्षावाले काका, तुमचे उपकार आमच्याने फिटायचे नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या लेकीने रोज मऊ भात पुरवला. ताई, तुमचा स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिलाय. निरोप धाडा, पोचवतो.